झाशीच्या राणीचा ‘एकमेव फोटो’ फ्रेमला देण्याआधी

18 जून जवळ आला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरतो. दागिन्यांनी मढलेली, बसलेली तरुणी आणि खाली ओळ: ‘राणी लक्ष्मीबाईंचा एकमेव खरा फोटो, 1850 मध्ये हॉफमनने काढलेला’. मग गोखले रोडवर ए3 प्रिंट आणि सोनेरी पट्टीची फ्रेम.

‘हॉफमनने काढला.’ जॉन्स्टन अँड हॉफमन हा कोलकात्याचा नामांकित स्टुडिओ 1880 च्या दशकातला. राणी 1858 च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडल्या.

‘1850 चा आहे.’ तेव्हा हाताशी मुख्यतः दोनच पद्धती होत्या. एक, चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा: निगेटिव्ह नाही, प्रत एकच. दुसरी, कागदी निगेटिव्ह: कागदाच्या धाग्यांमुळे बारकावे मऊ पडतात. काचेवर कोलोडियन या चिकट रसायनाचा लेप देण्याची पद्धत 1851 ची. तीही कटकटीचीच, लेप ओला असेतो, साधारण दहा मिनिटांत, फोटो घेऊन काच धुवायची, नाहीतर लेप वाळून प्रतिमा जाते. म्हणजे काळोखा तंबू सोबत हवाच.

‘रंगीत केल्यावर खरा वर्ण कळला.’ काहीच कळत नाही. ते जुने लेप निळा रंग टिपायचे, लाल रंगाला आंधळे असायचे. कुंकू काळं उमटे, निळं लुगडं पांढुरकं, गव्हाळ कांती सावळी. त्यावर ॲप भरतं तो निव्वळ अंदाज.

‘विधवा राणी एवढे दागिने घालेल का, म्हणून खोटा’ हा उलटा दावाही लंगडा आहे. 1850 मध्ये राणींचे पती गंगाधरराव हयात होते. पांढरी मलमल आणि कानांत तेवढं सोनं, हे वर्णन वकील जॉन लँगचं, 1854 च्या भेटीतलं. तेही लहानग्या दत्तक मुलाने, दामोदरने, मधला पडदा अचानक सारला म्हणून त्याला दिसलं.

‘मूळ प्रत घरी आहे’ म्हणणाऱ्यांनी 10 पट भिंग लावावं. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील चित्र, 1880 च्या आधीचं असणं जवळपास अशक्य. चकचकीत पिवळट थराखाली कागदाचे धागे दिसले तर तो अल्ब्युमिन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावरचा जुना फोटो. मग कार्ड उलटून स्टुडिओचं नाव, पत्ता वाचावा. मोबाईलवरच्या फाइलवरून यातलं काहीच ठरत नाही.

फ्रेम करायचीच असेल तर एखादं रंगवलेलं चित्र घ्या, खाली ‘कल्पनाचित्र’ असं छापा. ए3 ला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 3508 × 4961 पिक्सेल लागतात. फॉरवर्डची फाइल बहुधा त्याच्या निम्मीही नसते, आणि ॲपने ताणून मोठी केली की नाकडोळे आणखी तिसऱ्याच कुणाचे होतात.