‘नुसता अभाव’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

अंधारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “अंधार म्हणजे नुसता प्रकाशाचा अभाव, हे पाचवीतल्या पोरालाही कळतं. कशाला शब्दांचे बुडबुडे?” मतभेदाचं काही वाटलं नाही. पाचवीतलं पोर मात्र लागलं. मी हयातभर ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर एका शास्त्रीबुवांपुढे बसून ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा प्राथमिक ग्रंथ वाचला. समोरच्याला आधी अडाणी ठरवायचं आणि मग तोंड उघडायचं, ही रीत दोन्हीकडे दिसली नाही.

लेख लांबला, हे मान्य.

आता तो ‘नुसता’. वैशेषिक दर्शनाच्या कणादांनी अंधाराला अभावच म्हटलंय आणि मीही ते लिहिलं होतं. तुम्ही बहुधा तिथवर पोहोचलाच नाहीत. भाट्ट मीमांसक, म्हणजे कुमारिल भट्टांचे अनुयायी, म्हणत, अंधार काळा दिसतो, सरकतो, तेव्हा ते द्रव्यच, खरीखुरी वस्तूच. त्यांना उत्तर देताना नैयायिकांना, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांना, ‘नुसता अभाव’ म्हणून सुटता आलं नाही. भर दुपारी घरातला दिवा विझलेला असतो. एका प्रकाशाचा अभाव आहेच, पण अंधार नाही. उलट मिट्ट काळोखातही तापल्या तव्यात तेज, म्हणजे अग्नितत्त्व, असतं. न्यायमतात सोनंही तैजस, म्हणजे तेजाचंच बनलेलं, पण अंगठीने खोली उजळत नाही. म्हणून सतराव्या शतकात तर्कसंग्रहकार अन्नंभट्टांनी त्यावरच्या आपल्याच ‘दीपिका’ टीकेत व्याख्या दिली: ‘प्रौढप्रकाशकतेजःसामान्याभावस्तमः’. वस्तू उजळू शकेल अशा ठसठशीत तेजाचा अभाव, आणि तोही एखाद्या दिव्यापुरता नव्हे, सरसकट. यातला एकेक शब्द एकेक हरकत निस्तरायला आलाय. याला बुडबुडे म्हणता?

आजचं भौतिकशास्त्रही त्या तव्यापाशीच अडवतं. लाल व्हायच्या आधीपासून तवा अवरक्त किरण टाकत असतो. तुमचं-माझं अंगही टाकतं. जात प्रकाशाचीच, फक्त आपल्या डोळ्याला न दिसणारी. सह्याद्रीतल्या चापडा या विषारी सापाला मात्र डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळगीने ती कळते, म्हणून काळोखातही त्याला उंदीर सापडतो. मग त्या खोलीत अभाव कशाचा, आणि कुणाच्या लेखी? आपल्या डोळ्यातल्या, मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशींत तर अंधारात विद्युतप्रवाह सतत वाहतो आणि प्रकाश पडला की घटतो. डोळ्याच्या दृष्टीने अंधार म्हणजे काहीच न घडणं नव्हे. मला लेखात एवढंच म्हणायचं होतं, आणि आजही तेच म्हणायचं आहे.

बाकी वेदान्तावरचे आणि माझ्या वयावरचे टोमणे सोडून देतो. त्यांत उत्तर देण्याजोगं काही नाही. पुन्हा लिहाल तर नावानिशी लिहा, आणि तव्याचं काय ते आधी सांगा.