खोट्या पाच कोटींचे खरे मालक

कॉलेजात 'सामाजिक गुंतवणूक स्पर्धे'ची नोटीस लागली असेल तर आधी अभिनंदन. तुमच्या घरातली माणसं आजवर पैसे मागायलाच गेली, द्यायला बसणारे तुम्ही पहिले. विद्यार्थ्यांनी गुंतवणूकदार बनायचं, समोर आलेल्या नव्या कंपन्यांतून एक निवडायची आणि तिच्यात पैसे लावायचे, असा हा खेळ. पैसे खोटे आहेत, तेवढं मनावर घेऊ नका. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९८ साली हा खेळ सुरू झाला तेव्हाही स्टार्टअप खरे, परीक्षक खरे, फक्त फंड काल्पनिक होता. मग समाजाचं भलं करणाऱ्याच कंपन्या निवडायच्या, असे त्याचे भाऊबंद निघाले. आता तो यवतमाळ जिल्ह्यात पोचलाय. एसटी पोचत नाही तिथंही.

ब्लेझर मित्राचा चालतो. बाह्या आखूड असल्या तर दुमडा, तळमळीचे दिसता.

खरी परीक्षा कंपनी निवडण्याची. समजा दोघं आले. एकाचं ॲप कापसातली ओल सांगतं. बारा टक्क्यांच्या वर ओल गेली की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, कापूस घेत नाही, हे कास्तकाराला ॲपशिवाय ठाऊक आहे. मुठीत बोंड दाबलं की कळतं. पण मुठीला डॅशबोर्ड नसतो. दुसरी बचत गटाची डाळ मिल. बाया वही घेऊन येतील. तूर किती घेतली, डाळ किती निघाली, चुनी कोणाच्या म्हशीला गेली, बँकेचा हप्ता कोणत्या तारखेला फेडला, सगळं टिपलेलं. अशा ठिकाणी चुकूनही पैसा लावू नका. नफा आजच होत असेल तर स्वप्न कशाचं विकायचं? तरी गुंतवणूकदार हिस्सा विकून बाहेर कसा पडणार, हे रीत म्हणून विचारा, "ताई, तुमची एक्झिट काय?" उत्तर येईल, "कुठी जातो भाऊ आमी? लेकरंबाळं अठीच हायेत." हे फळ्यावर लिहा: संस्थापकांना दूरदृष्टी नाही.

टर्म शीटला, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदाला, घाबरू नका. दोन कोटींच्या कंपनीत पन्नास लाख टाकले तर हिस्सा वीस टक्के, पंचवीस नव्हे. आपले पैसे धरून कंपनी अडीच कोटींची होते. निम्म्या टीम इथंच गारद होतात. 'लिक्विडेशन प्रेफरन्स' मात्र तुम्हाला कोणी शिकवायला नको. कंपनी बुडाली तर उरल्यासुरल्यातून आधी गुंतवणूकदाराचे पैसे निघतात, एवढंच ते. बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली तरी कृषी केंद्राची उधारी आधी फिटते, ते काय वेगळं आहे? परीक्षकांना हे उदाहरण देऊ नका. त्यांना वाटतं ही कल्पना त्यांची आहे.

शेवटची स्लाइड 'इम्पॅक्ट'ची. 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग', म्हणजे नफ्यासोबत समाजाचं भलं बघणारी गुंतवणूक, हा शब्द २००७ साली इटलीतल्या एका तळ्याकाठी ठरला. आपण एक वर्ष पुढे होतो. २००६ मध्येच विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं. त्यात दुभत्या गायीसुद्धा वाटल्या. वैरण कुठून आणायची, हे लाभार्थ्यांच्या रकान्यात बसत नव्हतं, म्हणून राहिलं. तुम्हीही रकाना बघूनच भरा. एका शेतकऱ्यानं ॲप उतरवलं की घरची पाच माणसं धरा. म्हातारी आजी धरून सहा. तिच्याकडे फोन नाही, पण इम्पॅक्ट तिच्यावरही होतोच.

निकालाआधी घरून फोन येईल. उचला, परीक्षकांना 'ग्राउंड कनेक्ट' आवडतो.

"सीसीआयच्या ग्रेडरनं कापसाची गाडी परत लावली. ओल चौदा निघाली म्हणे. गाडीवाला भाडं मागून राहिला. तू काय करून राहिला?"

"बाबा, पाच कोटी गुंतवतोय."

पलीकडे जरा वेळ नुसती बाजार समितीची गडबड ऐकू येईल.

"कोनाचे?"

"खोटे आहेत, बाबा."

"हां, मंग खोटेच बरे. खऱ्याले सात-बारा मागतात."