‘फोटो की पेंटिंग?’ – एका प्रतिक्रियेला जरा लांब उत्तर

काका, नमस्कार. ‘आम्ही रोलच्या काळातले’ असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: इंदूरच्या सिरपूर तलावाजवळच्या पळसावर बसलेल्या शकरखोऱ्याचा (जांभळ्या सूर्यपक्ष्याचा) फोटो मी एडिटिंगआधीचा आणि नंतरचा असा जोडीनं टाकला होता. आधीच्यात पक्षी काळा, नंतरच्यात जांभळा-निळा. त्यावर काकांचं म्हणणं, ‘कॅमेऱ्यात आलं नाही ते कॉम्प्युटरवर रंगवलंत, ही फसवणूक आहे. डावीकडची फांदीही गायब!’

फांदीचं आधी उरकते. ती पुसली नाही, क्रॉपमध्ये गेली. शकरखोरा जेमतेम 10 सेंटिमीटरचा आणि झाडाखाली जाऊन उभं राहिलं की तो उडणार. लांबूनच काढावा लागतो. मग 24 मेगापिक्सेलच्या फोटोतून लांबी-रुंदीचा चौथा हिस्सा ठेवला तर हाती दीड मेगापिक्सेल उरतात. त्यात भागवायचं.

आता रंग. शकरखोऱ्याच्या नराच्या पिसांत जांभळा रंग भरलेला नसतोच. पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो तेव्हा तो दिसतो आणि कोन बदलला की जातो. आत्ता निळा असलेला पक्षी मान वळवली की ठार काळा. त्यात मागे पांढरं आकाश असलं की कॅमेरा आकाश सांभाळतो आणि पक्षी अंधारात टाकतो. पण 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, उजेडाच्या 16,384 पातळ्या नोंदता येतात, जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या तयार फोटोत, फक्त 256. तो निळा रॉमध्ये तळाशी पडून होता. मी शॅडोज, म्हणजे फोटोतले अंधारे भाग, वर घेतल्या, बस. सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या गडदपणाला, हात लावलेला नाही.

आणि ‘हात न लावलेला’ फोटो म्हणजे तरी काय? सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलांवरून हिशेबानं भरले जातात. काळा फोटो हासुद्धा कॅमेऱ्यानं घेतलेला निर्णयच होता, फक्त माझा नव्हता. डार्करूममध्ये एन्लार्जरच्या उजेडात हात धरून चेहरा उजळ ठेवायची रीत तुम्हाला मी काय सांगू!

फसवणूक होते ती बहुतेक वेळा क्लिक करण्याआधी. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’चं 2009 चं पहिलं बक्षीस कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याला मिळालं होतं. लांडगा बहुधा माणसाळलेला आहे असं परीक्षकांचं मत झालं आणि बक्षीस काढून घेतलं गेलं. त्याच स्पर्धेत 2017 साली बक्षीस मिळवलेला मुंगीखाऊ प्राणी पुढच्या वर्षी बाद झाला, कारण तो पेंढा भरलेला असावा असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. दोन्हीकडे एडिटिंगचा प्रश्नच नव्हता. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला झुडपाबाहेर काढणं किंवा घरट्यापुढची पानं तोडणं मला कुठल्याही स्लायडरपेक्षा वाईट वाटतं. असे फोटो मात्र ‘नो एडिटिंग’ लिहून फिरतात, आणि त्यांना वाहवा मिळते.

तुमची शंका जिथे अगदी बरोबर लागू पडते ती जागा वेगळीच आहे: हिवाळ्यात येणारे पर्णवटवटे, म्हणजे एकमेकांसारखे दिसणारे छोटे पक्षी. इथे सगळी ओळख किंचित हिरवट की किंचित तपकिरी, एवढ्यावर येऊन ठेपते. ऊन पिवळं आहे म्हणून व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) थोडा हलवला, नाहीतर फोटो ‘खुलवायला’ पिवळा वाढवला, की सैबेरियन चिफचाफ हा तपकिरी पर्णवटवटा हिरवट पर्णवटवट्यासारखा दिसू लागतो. नंतर तोच फोटो बघून कुणीतरी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकतं, आणि सिरपूरच्या यादीत चुकीचं नाव जाऊन बसतं. 2022 पासून हा तलाव रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. त्याच्या याद्या शहरापुरत्या राहिलेल्या नाहीत. डिनॉइजचं, म्हणजे फोटोतले दाणे घालवणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच. हिरवट पर्णवटवट्याच्या पंखावर एक बारीकशी फिकट रेघ असते. दाणे घालवायच्या नादात हे सॉफ्टवेअर तीही पुसतं, कधी नसलेली पिसं बेमालूम काढून देतं. म्हणून या पक्ष्यांच्या बाबतीत मी एक्स्पोजर आणि क्रॉप यांपलीकडे जात नाही. पंखावरची रेघ दिसेनाशी होत असेल तर दाणे राहू देते.

त्या फोटोंखाली कोणत्या प्रतिक्रिया येतात ते एकदा बघा: ‘ताई, फोटो फार खरखरीत आलाय, जरा एडिट करून टाका ना.’