असिम्प्टोट ओलांडला म्हणून आलेख चुकत नाही

दादर-पार्ल्याच्या क्लासांतल्या अकरावी-बारावीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक चिठ्ठी फिरत असते. विषय असिम्प्टोट, म्हणजे आलेख दूर जाताना ज्या सरळ रेषेच्या अधिकाधिक जवळ येत जातो ती रेषा. मजकूर थोडक्यात असा: छेद शून्य होतो तिथे उभा असिम्प्टोट, आलेख असिम्प्टोटला कधीच शिवत नाही, अंशाची डिग्री (क्ष चा सर्वांत मोठा घात) छेदाहून मोठी असेल तर असिम्प्टोट नाही, पुढे चला. तीन ओळींत प्रकरण खलास. तिन्ही ओळी चूक आहेत, आणि मधली सगळ्यांत महागात पडते.

म्हणून आधी तीच. य = (क्ष² + ३क्ष)/(क्ष² − ४) घ्या. क्ष = २ आणि क्ष = −२ इथे उभे असिम्प्टोट, आणि य = १ हा आडवा. आता दोन उभ्या रेषांमधला पट्टा बघा. क्ष = −१.९ ठेवला की अंश −२.०९, छेद −०.३९, किंमत साधारण ५.४. क्ष = १.९ ला तीच −२३.९ होते. वरून निघून खाली बुडणारी अखंड रेघ य = १ ओलांडल्याशिवाय जाईल कशी? कुठे ओलांडते तेही निघतं: य मधून १ वजा केला की (३क्ष + ४)/(क्ष² − ४) उरतं, आणि ते शून्य होतं क्ष = −४/३ ला. चिठ्ठी पाठ केलेला मुलगा मधला तुकडा १ च्या वरच अडवतो, दोन्ही टोकं वर वळवून वाटी काढतो, आणि आरंभबिंदूतून जाणारा आलेख तिथून जातच नाही.

त्या उरलेल्या अपूर्णांकाचा आणखी एक उपयोग आहे. क्ष मोठा धन असताना तो धन, म्हणून उजवीकडे आलेख १ ला वरून टेकत येतो. डावीकडे तो ऋण, म्हणून खालून.

ही समजूत आली कुठून, तेही कळतं. पहिलं उदाहरण बहुतेक वेळा १/क्ष चं असतं. अपास्त, म्हणजे आपला हायपरबोला, त्याच्या असिम्प्टोटला खरंच कधी भेटत नाही, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘एकत्र न येणारी’ असाच. पण आडव्या असिम्प्टोटचा प्रश्न एवढाच: दूर गेल्यावर अंतर शून्याकडे जातं का? अधेमधे किती भेटी झाल्या याच्याशी त्याला देणंघेणं नाही. साइन क्ष भागिले क्ष चा आलेख तर क्ष-अक्ष अनंत वेळा ओलांडतो. उभ्याचं तसं नाही: अशा अपूर्णांकाला तिथे किंमतच नसते, म्हणून तिथे शिवणं नाही.

आता छेदाची ओळ. (क्ष² − क्ष − २)/(क्ष² − ४) मध्ये छेद २ आणि −२ ला शून्य होतो, पण असिम्प्टोट एकच. अवयव पाडले की (क्ष − २) वर-खाली कटतो, उरतं (क्ष + १)/(क्ष + २). क्ष = २ ला आलेखात फक्त भोक, (२, ३/४) या जागी पोकळ टिंब. अवयव आधी पाडायचे, शून्य नंतर शोधायचं. मात्र काटल्यावरही छेदात तोच अवयव उरला, जसा (क्ष − २)/(क्ष − २)² मध्ये उरतो, तर असिम्प्टोट कायम.

तिसऱ्या ओळीला फार वेळ नको. डिग्री एकाने मोठी असेल तर तिरका असिम्प्टोट मिळतो. (क्ष² + १)/(क्ष − १) ला पूर्ण भागाकार करा: क्ष + १, बाकी २. असिम्प्टोट य = क्ष + १. इथे पहिली पदं भागून य = क्ष लिहिणारे बरेच. दूर गेल्यावर आलेख आणि त्या रेषेच्या य-किमतींत १ चा फरक राहतो, तो मिटत नाही. डिग्री दोनने किंवा जास्त मोठी असेल तर तिरकी सरळ रेषा नाही, हे बरोबर. उभे असिम्प्टोट तरीही तपासायचेच.

आणि आडवा एकच असतो असं कुणी जोडून सांगितलं, तर क्ष/√(क्ष² + १) काढून दाखवा: उजवीकडे १, डावीकडे −१.