व्ही-सिंक, जी-सिंक आणि एका प्रतिक्रियेचा सूर

महोदय,

व्ही-सिंक (तयार फ्रेम मॉनिटरच्या पाळीपर्यंत थांबवून चित्र फाटू न देणारी, म्हणजे दोन फ्रेमचे तुकडे एकदम दिसू न देणारी सोय) आणि जी-सिंक (मॉनिटरचा वेग ग्राफिक्स कार्डाच्या वेगाशी जुळवणारी एनव्हिडियाची सोय) ही दोन्ही चालू ठेवा, या माझ्या लेखातल्या सल्ल्यावर आपण लिहिले आहे : "जी-सिंक असताना व्ही-सिंकही चालू ठेवायला सांगणे हा निव्वळ अडाणीपणा आहे, त्याने इनपुट लॅग वाढतो. गेम अडखळतो तो ड्रायव्हरमुळे, हे शेंबड्या पोरालाही कळते. ड्रायव्हर उडवून नव्याने टाका." मतभेदाला माझी हरकत नाही, पण ज्याला आपण कधी भेटलाही नाहीत, त्याची अक्कल दोन ओळींत काढण्याची एवढी घाई कशासाठी?

एकट्या व्ही-सिंकने लॅग (माउस हलवणे आणि ते पडद्यावर दिसणे यांतला उशीर) वाढतो, हे मी लेखात कुठेही नाकारलेले नाही. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरवर एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे ६.९ मिलिसेकंद येतात. कार्ड त्याहून वेगाने फ्रेम बनवू लागले की तयार फ्रेम पाळीची वाट पाहत रांगेत थांबतात आणि माउस जड वाटू लागतो. म्हणूनच फ्रेम रेट सेकंदाला १४१ वर बांधून ठेवा, असे मी लिहिले होते. हे वाक्य आपण सोयीस्करपणे गाळलेत. तो बांधला की मॉनिटरच कार्डासाठी थांबतो, रांग लागत नाही, आणि व्ही-सिंककडे एकच काम उरते : एखादी फ्रेम आधीच्या फ्रेमच्या फारच पाठोपाठ आली, तर पडद्याच्या तळाशी चित्र फाटू नये म्हणून तिला क्षणभर थोपवणे. त्यासाठी तो एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये चालू ठेवायचा आणि गेमच्या सेटिंगमध्ये बंद करायचा.

शिवाय २०१३ मध्ये जाहीर झालेल्या जी-सिंकमध्ये वरच्या मर्यादेला व्ही-सिंक आपोआप लागू होत असे. तो बंद करण्याची मुभा २०१५ मध्ये मिळाली. तेव्हा अडाणीपणाचा हा शेरा ज्यांनी जी-सिंक घडवले त्यांच्यापर्यंतही पोहोचवावा. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मी संगणक जोडू लागलो, तेव्हा टेबलावर जुने, काचेच्या नळीचे सीआरटी मॉनिटर होते आणि चित्र मधोमध का फाटते हे समजावून सांगणारा एकही व्हिडिओ नव्हता. आपण तेव्हा काय करत होतात, हे मी विचारत नाही.

काउंटर-स्ट्राइक २ सारखा नेमबाजीचा खेळ चुरशीने खेळणाऱ्याने सगळेच सिंक बंद ठेवले, तर माझी तक्रार नाही. एवढे आपल्या पदरात टाकतो.

उरला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर. त्यावर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. नव्या भागात शिरताना गेम अडखळला आणि त्याच वाटेने परत गेल्यावर अडखळला नाही, तर तो बहुधा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होतानाचा झटका असतो. ड्रायव्हर बदलला की साठवलेली शेडर कॅशे सहसा निकामी होते आणि तेच काम पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे आपल्या उपायाने असे झटके निदान सुरुवातीला तरी वाढतीलच.

एकाच जागेचे, एकापाठोपाठ घेतलेले दोन फ्रेमटाइम आलेख (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचे) पाठवा, पुढे बोलू. भाषा आवरलीत तर लवकर बोलू.