गॅसच संपला असणार

मोटारीच्या एसीतून गार वारा येईनासा झाला, की कारण शोधण्यात वेळ घालवू नये, कारण ते आधीच ठरलेले असते. बेळगावच्या उद्यमबागेपासून निपाणीपर्यंत कोणत्याही गॅरेजच्या दारात गाडी उभी करा. मेस्त्री बॉनेटकडे न बघताच "गॅस संपलाय की हो" असे निदान करतील आणि आपण समाधानाने मान डोलवावी. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो दाबणारा कॉम्प्रेसर, त्याची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि आतली हवा गार करणारी कूलिंग कॉइल अशा बंद वाटेने फिरून पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. तेव्हा तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतच असला पाहिजे, अशी शंका काढणारे गिऱ्हाईक गॅरेजात कोणालाच आवडत नाही. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर पडते आणि गळक्या सांध्यावर धूळ धरलेला तेलकट डाग उमटतो. असा डाग दिसलाच तर तो फडक्याने स्वच्छ पुसून टाकावा, म्हणजे पुढच्या माणसालाही सापडायला नको.

निदानाला शास्त्राचा आधार हवाच असेल, तर इंजिन बंद ठेवून गॅसचा दाब मोजणारा गेज लावावा. कॉम्प्रेसर थांबलेला असताना काटा बाहेरच्या उष्णतेप्रमाणे सरकतो. नळ्यांत थोडासा द्रवरूप गॅस शिल्लक असला, तरी भरलेल्या गाडीइतकाच आकडा दिसतो. त्यामुळे या आकड्यावरून मनाला येईल तो निष्कर्ष काढता येतो. याउलट इंजिन आणि एसी चालू ठेवून निळा (कमी दाबाच्या बाजूचा) व लाल (जास्त दाबाच्या बाजूचा) असे दोन्ही गेज एकत्र वाचण्याची खोड काही हट्टी मंडळींना असते. दोन्हीकडे दाब कमी असेल तर गॅस कमी असण्याचा संभव, दोन्हीकडे जास्त असेल तर कंडेन्सर तापलेला किंवा गॅस अति भरलेला, आणि निळा वर व लाल खाली असेल तर कॉम्प्रेसर थकलेला, असा हिशेब ते मांडतात. इतका विचार केल्यावर गॅस भरण्यातला उत्साहच ओसरतो.

भरतानाही वजनकाटा वापरू नये. बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखाली आर-१३४ए किंवा दुसरा गॅस नेमका किती ग्रॅम भरायचा याची चिठ्ठी चिकटवलेली असते, पण हात सैल सोडून भरलेल्या गॅसची माया काही वेगळीच. गॅस जास्त झाला की गारवा उलट कमी होतो, मग पुन्हा गॅरेज आहेच. पाइप उघडले असल्यास आतली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालवणे टाळावे, विशेषतः जुलैत, जेव्हा खानापूरकडची हवाच ओल धरून असते. आत राहिलेला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी गोठतो, गारवा जातो. बर्फ वितळला की परत येतो. या लपंडावाला "वायरिंगचा प्रॉब्लेम" म्हणण्याची सोय आहे.

आता एक अवघड प्रसंग. महामार्गावर गाडी धावताना हवा थंड येते, पण खडेबाजारात गर्दीत अडकली की गरम. धावताना समोरचा वारा कंडेन्सर थंड ठेवतो आणि उभ्या गाडीत ते काम पंख्याने करायचे असते, हे लक्षात येताच मोह होईल तो एसी सुरू करून पंखा फिरतो का, फ्यूज आणि रिले ठीक आहेत का, हे पाहण्याचा. तसे मुळीच करू नये. कंडेन्सरच्या जाळीत पावसाळ्यातला लाल चिखल आणि गळीत हंगामातला उसाचा पाचोळा बसला असेल, तर तो हलक्या पाण्याने धुणे म्हणजे या भागाची ओळख पुसणे होय. धुवायचेच असेल तर जोराचा फवारा मारावा; जाळीची पाती वाकली, की वाऱ्याची वाट कायमची बंद होते.

ब्लोअरचा आवाज मोठा आणि वारा मात्र नाममात्र, अशी तक्रार असेल तर थेट डॅशबोर्ड खोलून घ्यावा आणि कूलिंग कॉइल नवी टाकावी. बहुतेक गाड्यांत केबिन फिल्टर डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो आणि तो काढून पाहायला फारसा वेळ लागत नाही, ही गोष्ट तोपर्यंत कोणाला कळू देऊ नये. चार दिवस गाडी गॅरेजात राहील, खिळखिळा झालेला डॅशबोर्ड पुढे प्रत्येक गतिरोधकावर बोलत राहील, आणि सगळे परत जोडताना धुळीने गच्च भरलेला तोच फिल्टर न झटकता जागच्या जागी बसवायला मेस्त्रींना आवर्जून सांगावे.