एकनंतर दहा

खुनी कोण ते मला काल कळलं. पहिल्या प्रकरणात प्रेत सापडलं आणि पुढच्याच मिनिटाला माळ्याच्या हातात बेड्या! दहा प्रकरणांचं ऑडिओबुक, आणि प्लेअरने १ झाल्यावर थेट १० लावलं होतं.

भाचा शेजारीच लोळत होता. त्याने मोबाइलमधून मान वर न काढता निकाल दिला, "मामा, बरोबर आहे त्याचं."

"काय बरोबर आहे?"

"तो आकडे मोजत नाही, नुसती चिन्हं बघतो. दहाच्या सुरुवातीला एक आहे ना? मग तो दोनच्या आधी."

"अरे, दहा दोनच्या नंतर येतात!"

"ते तुमच्यात."

माझ्यात! म्हणजे मी आणि उरलेली मानवजात एका बाजूला, आणि काडेपेटीएवढा तो प्लेअर आणि हा दुसऱ्या बाजूला.

"मग मी काय करायचं?"

"एकच्या आधी शून्य लावा. ०१, ०२. शंभराच्या वर प्रकरणं असली तर दोन शून्यं." मग जरा विचार करून, "पण आता कशाला? खुनी कळलाच आहे. आठ प्रकरणं वाचली तुमची."

मी नवीन पुस्तक घेतलं आणि रात्री बसून प्रत्येक फाइलला शून्य चिकटवलं. प्लेअरने नावांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काही स्वस्त प्लेअर म्हणे कार्डावर जी फाइल आधी उतरली तीच आधी वाजवतात. छापील पुस्तकात पहिल्या प्रकरणाला दहावं शिवलेलं कुणी पाहिलंय? बाइंडरला लोकांनी दुकानात शिरून जाब विचारला असता. इथे जाब विचारायला समोर भाचा.

"टॅग भरा," तो म्हणाला. फाइलच्या पोटात नाव-गाव लिहायची ही सोय १९९६ची. तिच्या जुन्या प्रकारात शीर्षकाला जागा ३० अक्षरांची. माझ्या पुस्तकाचं नावच तेवढं लांब, त्यामुळे प्रकरणाचा आकडा बाहेर पडला आणि सगळी प्रकरणं पडद्यावर जुळी भावंडं झाली. मराठीत लिहून पाहिलं तर ओळभर प्रश्नचिन्हं. खिशात हजारो गाणी मावतात म्हणून ही यंत्रं विकायची, आणि एक गोष्ट सरळ सांगता येऊ नये? कुठवर ऐकलं ते लक्षात ठेवणारा एम४बी नावाचा प्रकार आहे, प्रकरणांच्या खुणांसकट. तो माझा प्लेअर वाजवत नाही.

शेवटी भाच्याने दया येऊन सगळ्या फाइली जोडून अकरा तासांची एकच केली. "आता क्रम चुकायचा प्रश्नच नाही!"

नाहीच चुकला. फक्त बंद करून चालू केला की प्लेअर पुन्हा पहिल्या वाक्यापासून.

"मामा, पुढे जायचं बटण दाबून धरा ना."

"किती वेळ?"

"पोचेपर्यंत."